बिनशंखाची मोठी गोगलगाय जंगलासाठी नेमके काय करते?

प्रश्न: आरेकाठ, गोरेगाव पूर्व

नमस्कार. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, धुक्याने ओल्या राहणाऱ्या रेडवूडच्या दाट जंगलात बनाना स्लग नावाची वीतभर लांबीची पिवळी गोगलगाय राहते. तिच्या पाठीवर शंख नसतो. तिच्याविषयी जे काही वाचनात आले त्यात एक गोष्ट हमखास सांगितलेली असते, ती म्हणजे ही गोगलगाय जंगल साफ ठेवते आणि जंगलाच्या वाढीला हातभार लावते. मात्र हे काम ती नेमके कसे करते, आणि शंखाचे संरक्षण गमावलेला, मऊ अंगाचा, अत्यंत सावकाश चालणारा प्राणी एवढा मोठा वाढून टिकतो तरी कसा, याचा उलगडा मला झालेला नाही. प्राणिशास्त्र जाणणाऱ्या सभासदांनी हे सविस्तर समजावून सांगावे, अशी विनंती आहे.

विचारण्यामागे जवळचे कारणही आहे. आमची सोसायटी आरेच्या हद्दीला लागून आहे. पाऊस स्थिरावला की आवाराच्या भिंतीलगत, कुंड्यांखाली आणि तळमजल्यावरच्या मोऱ्यांजवळ बोटाएवढ्या, काळपट, खरखरीत कातडीच्या आणि पाठीच्या मध्यावर फिकट रेघ असलेल्या बिनशंखाच्या गोगलगायी, ज्यांना शेतकरी शेंबी म्हणतात, रात्री मोठ्या संख्येने दिसतात. सोसायटीत त्यांच्यावर मीठ टाकण्याची पद्धत पडली आहे आणि ते मला पाहवत नाही. या शेंब्याही जंगलासाठी बनाना स्लगसारखेच काम करतात, म्हणून त्यांना मारू नये, असे मी सभेत मांडले तर ते शास्त्राला धरून होईल का? शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस आरेत आणि राष्ट्रीय उद्यानात सागाच्या पानांची जी जाळी झालेली दिसते, तीही यांच्यामुळेच होते का?

उत्तर: मृद्गंध, दादर

आरेकाठ, आपल्या प्रश्नात दोन निरनिराळे प्राणी आहेत. मी बनाना स्लगपुरतेच लिहितो. मुंबईतल्या शेंब्यांविषयी येथील जंगलात फिरणारे सभासद अधिक अधिकाराने सांगतील.

गोगलगायी मृदुकाय संघातल्या आहेत, म्हणजे आपल्या बाजारात येणाऱ्या तिसऱ्या, कालवे आणि माकूल यांच्या दूरच्या नात्यातल्या. जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या अनेक शाखांमध्ये शंख लहान होत होत नाहीसा झाला आहे, आणि हे एकमेकींशी संबंध नसलेल्या शाखांत पुन्हा पुन्हा घडले आहे. त्या अर्थी शंख टाकून देण्यात काही ठोस लाभ असला पाहिजे. शंख बांधायला भरपूर कॅल्शियम लागते, त्यामुळे ज्या मातीत ते कमी आहे तेथे बिनशंखाच्या प्राण्याला राहणे सोपे जाते. शिवाय कुजक्या ओंडक्याच्या भेगेत, सालीखाली किंवा दगडाच्या फटीत तो सहज शिरू शकतो. याची किंमत पाण्याच्या रूपात मोजावी लागते. शंख असलेली गोगलगाय कोरडे दिवस आले की आत शिरून दार लावून घेते, पण शेंबीला आत शिरायला जागाच नाही. तिच्या शरीराची बाकीची सारी रचना या एका अडचणीभोवती उभी आहे, असे म्हटले तरी चालेल.

बनाना स्लग हे एरिओलिमॅक्स या प्रजातीतील काही जातींचे मिळून नाव आहे. त्यांतली सर्वांत मोठी, एरिओलिमॅक्स कोलंबियानस, अलास्काच्या आग्नेय टोकापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनारी जंगलात आढळते आणि २५ सेंटीमीटरपर्यंत वाढते. जमिनीवरच्या शेंब्यांमध्ये तिच्याहून मोठी म्हणून युरोपातल्या लायमॅक्स सिनेरिओनायगर या जातीचेच नाव घेतले जाते, जिची लांबी ३० सेंटीमीटरपर्यंत जाते. रंग नेहमी पिवळाच असतो असे नाही. हिरवट, तपकिरी आणि काळ्या डागांचे प्राणीही असतात, आणि आहार, उजेड व ओलावा यांप्रमाणे एकाच प्राण्याच्या रंगात फरक पडतो.

डोक्याच्या लगेच मागे, पाठीवर कातडीचा एक जाड, गुळगुळीत पट्टा असतो. त्याला प्रावरण म्हणतात, आणि पूर्वजांच्या शंखाची उरलेली लहानशी चकती त्याच्याच खाली दडलेली असते. प्रावरणाच्या उजव्या कडेला श्वसनाचे छिद्र असते. प्राणी स्वस्थ असताना जवळून पाहिल्यास हे छिद्र हळूहळू रुंदावते, आतली ओलसर पोकळी दिसते, आणि मग कडा अशा जुळून येतात की छिद्र होते तेथे काहीच खूण उरत नाही. श्वासाचा काही भाग ओल्या कातडीतूनही चालतो. म्हणून कातडी सुकणे म्हणजे तहान लागणे आणि श्वास कोंडणे, दोन्ही एकदम. डोक्यावर दोन जोड्या स्पर्शकांच्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकाशी डोळे, ज्यांना प्रामुख्याने उजेड आणि अंधार कळतो, आणि खालच्या आखूड जोडीने ती वास व चव घेत, जमीन चाचपत पुढे जाते. तोंडात हजारो सूक्ष्म दातांची पट्टी असते. तिने अन्न खरवडले जाते, पुढचे दात झिजतात आणि मागून नवे सरकत येतात.

चिकट स्रावाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या प्राण्याचे सर्वांत विलक्षण अंग तेच आहे. हा स्राव ग्रंथींमध्ये तयार द्रवाच्या रूपात साठवलेला नसतो. त्याचे घट्ट, कोरडे कण असतात, ते बाहेर पडून पाण्याच्या संपर्कात आले की सब्जाचे बी फुगावे तसे, पण त्याच्या कितीतरी पट अधिक फुगतात, आणि त्यांचा बुळबुळीत थर होतो. या थराचा गुण असा, की ताण कमी असेल तोवर तो घन पदार्थासारखा चिकटून धरतो आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला की द्रवासारखा वाहू लागतो. शेंबीच्या पोटाकडचा सपाट भाग म्हणजे तिचा पाय. त्यात शेपटीकडून डोक्याकडे स्नायूंच्या लाटा सरकत असतात. लाटेखालचा स्राव पातळ होतो, तेवढा भाग पुढे सरकतो, आणि मधल्या भागाखालचा स्राव घट्ट राहून तिला मागे घसरू देत नाही. ओल्या काचेवर शेंबी ठेवून खालून पाहिले तर या लाटा स्पष्ट दिसतात. मार्क डेनी या जीवशास्त्रज्ञाने १९८० साली बनाना स्लगवरच मोजमाप करून दाखवले, की तेवढ्याच वजनाच्या प्राण्याला धावायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे बारापट ऊर्जा हिला सरपटायला लागते, आणि यातला मोठा वाटा स्राव तयार करण्यात जातो. इतका महाग मार्ग असूनही तो टिकला, कारण याच स्रावाने उभ्या खोडावर चढता येते, कातडी ओली राहते, जोडीदाराला माग लागतो आणि शत्रूपासून बचाव होतो. बनाना स्लगच्या स्रावाने खाणाऱ्याची जीभ बधिर होते. तरीही रॅकून हा प्राणी तिला मातीत लोळवून स्राव पुसून काढतो आणि खातो. सापांच्या व सॅलॅमँडरच्या काही जातीही तिच्यावर गुजराण करतात.

कोरडा काळ आला की ती पालापाचोळ्याखाली जाते, अंगाभोवती स्रावाचे जाड वेष्टन करते आणि ओलावा परत येईपर्यंत निपचित राहते. प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो, तरी बहुधा दोघे मिळूनच प्रजनन करतात. अंडी ओल्या पाचोळ्यात किंवा ओंडक्याखाली घातली जातात आणि पिल्लांची पुढे कोणी देखभाल करत नाही.

आता जंगलातले काम. रेडवूडच्या जंगलाची जमीन गळालेल्या पानांनी, सालींनी, शेवाळाने आणि भूछत्रांनी झाकलेली असते. मोठे पान जसेच्या तसे पडून राहिले तर बुरशी आणि जिवाणू त्याच्या पृष्ठभागावरूनच काम करू शकतात. शेंबी ते खरवडून, चघळून, अर्धवट पचवून विष्ठेच्या रूपाने परत टाकते, तेव्हा जिवाणूंना लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, विष्ठेतला नत्र मातीला मिळतो आणि कुजण्याचा वेग वाढतो. ती प्राण्यांची विष्ठा आणि मेलेले जीवही खाते. भूछत्रे तिला विशेष आवडतात, आणि त्यांचे बीजाणू तिच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडून दुसऱ्या जागी पोचतात. काही वनस्पतींच्या बियाही अशाच पसरतात. रेडवूडच्या रोपांना ती सहसा तोंड लावत नाही, आसपासची इतर कोवळी रोपे मात्र खाते, त्यामुळे रेडवूडच्या रोपाला जागा आणि उजेड मिळण्यास मदत होते. वाढीला हातभार लावते असे जे म्हटले जाते, ते या अर्थाने. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८६ साली, विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे, याच प्राण्याला आपले अधिकृत प्रतीक केले.

उत्तर: कान्हेरीवाट, बोरिवली

मृद्गंध यांनी बनाना स्लगच्या कामाचे जे वर्णन केले आहे त्यात एक गोष्ट ठळक करावीशी वाटते. त्यातले प्रत्येक काम रेडवूड, तेथील भूछत्रे, तेथील रोपे आणि तेथील शत्रू यांच्या दीर्घ सहवासातून घडलेले आहे. तोच प्राणी उद्या दुसऱ्या जंगलात सोडला तर त्याचे काम त्याच्याबरोबर तेथे जाईलच असे नाही. आपल्या सभेतल्या युक्तिवादाची अडचण नेमकी येथे आहे.

आपण वर्णन केलेली काळपट, पाठीवर फिकट रेघ असलेली शेंबी ही लेव्हिकॉलिस आल्टे असावी, असे तिच्या खुणांवरून दिसते. ही जात मूळची आफ्रिकेतली मानली जाते आणि माणसाच्या व्यापारातून, रोपे व माती यांच्याबरोबर आशियाच्या उष्ण भागात आणि पॅसिफिक बेटांवर पसरली आहे. बनाना स्लगशी तिचे नाते फार दूरचे. तिला वेगळे प्रावरण नसते, श्वसनाचे छिद्र उजव्या कुशीला नसते आणि शंखाचा आतला अवशेषही नसतो. तिला उलटी करून पाहिल्यास रुंद पोटाच्या मध्यातून जाणारा पाय अगदी अरुंद, काही मिलिमीटरचाच दिसतो, गुदद्वार मागच्या टोकाशी असते आणि खालच्या स्पर्शकांची टोके दुभंगलेली असतात. तिची अंडी एका धाग्यात ओवल्याप्रमाणे एकमेकांना जोडलेली असतात, कुंडी हलवताना आपल्या पाहण्यात आली असतील. आवार, बागा, रोपवाटिका, सांडपाण्याच्या कडा अशा माणसाने बदललेल्या जागांत ती चांगली फोफावते. सडका पाला तीही खाते, पण कोवळी रोपेही तितक्याच आवडीने खाते.

आपल्या जंगलात हे काम कोण करते, हे पाहायचे तर जमिनीकडे पाहावे लागते. कॅलिफोर्नियाच्या त्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा धुक्यावर निभावतो. मुंबईत वर्षाचा जवळजवळ सगळा, म्हणजे २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन तापत राहते. साग, ऐन, कुसुम यांची पाने उन्हाळ्यापर्यंत पडून राहतात आणि त्या कोरड्या काळात त्यांचा मोठा भाग वाळवी खाऊन टाकते. पाऊस लागला की गांडुळे, पैसा किडे, गोगलगायी आणि बुरशी जोर धरतात. वाळवीच्या वारुळांवर पहिल्या पावसानंतर उगवणारी अळंबी, जी आदिवासी बाया टोपलीतून विकायला आणतात, ती याच साखळीतली आहे. सबंध वर्षभर एका मोठ्या शेंबीने पाचोळा सांभाळावा, अशी आपल्याकडची परिस्थितीच नाही. काम अनेकांत वाटले गेले आहे आणि ऋतूनुसार ते हात बदलते.

पश्चिम घाटाच्या स्वतःच्या शेंब्याही आहेत, हे आवर्जून सांगतो, कारण त्यांच्याकडे फारच कमी लक्ष जाते. मारिएला दुसुमिएरी ही त्यांतली एक. तिच्या पाठीवरच्या मोठ्या प्रावरणाखाली पातळ शंख असतो, म्हणून तिला अर्धशंखी म्हणणे योग्य ठरेल. केरळात रबराच्या झाडांचा पाझरणारा चीक पिण्यासाठी ती खोडावर चढते अशी नोंद आहे. घाटाच्या दक्षिण भागातली इंड्रेला अँपुला तर जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही, आणि तिचे लाल किंवा पिवळे अंग तिच्या पातळ शंखात पुरते मावतही नाही. या स्थानिक जातींवर अवलंबून असणारेही पुष्कळ आहेत. काजव्यांच्या अनेक जातींच्या अळ्या गोगलगायी आणि शेंब्या खाऊनच वाढतात. अळी दंश करून भक्ष्य बधिर करते आणि त्याचे मांस विरघळवून शोषते. मे-जूनमध्ये सह्याद्रीत काजवे पाहायला जी गर्दी लोटते, तिच्यातल्या थोड्यांनी जरी पायाखालच्या पाचोळ्याची काळजी घेतली तरी या अळ्यांचे अन्न वाचेल.

सागाच्या पानांची जाळी मात्र शेंबीची नाही. पान झाडावर असतानाच शिरा शाबूत ठेवून मधला हिरवा भाग खाणारी एका पतंगाची अळी ते करते. शेंबीने खाल्लेल्या पानाला वेडीवाकडी भोके असतात आणि जवळ वाळलेल्या स्रावाची चकचकीत रेघ असते.

उत्तर: गच्चीबाग, मुलुंड

वरील दोन्ही उत्तरे अतिशय उपयुक्त आहेत. मी केवळ आरोग्याची बाजू मांडते, कारण सोसायटीत लहान मुले असतील तर ती आधी कळायला हवी. अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस नावाचा एक कृमी उंदीर-घुशींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याच्या अळ्या उंदरांच्या विष्ठेतून बाहेर पडतात, ती विष्ठा शेंब्या खातात, आणि शेंबीच्या शरीरात अळीची पुढची वाढ होते. मुंबईतल्या घुशींमध्ये हा कृमी १९८०च्या दशकातच नोंदवला गेला आहे, आणि लेव्हिकॉलिस आल्टे त्याची मधली यजमान होऊ शकते, हेही दाखवले गेले आहे. अशी शेंबी किंवा तिचा तुकडा कच्च्या पालेभाजीतून पोटात गेला तर माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. तीव्र डोकेदुखी, मान आखडणे आणि अंगावर मुंग्या आल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून शेंबीला उघड्या हाताने धरू नये, मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये, आणि कुंडीतली पुदिना-कोथिंबीर पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नये.

मिठाविषयी आपल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मीठ पडताच शेंबीच्या शरीरातले पाणी बाहेर खेचले जाते, ती वाचण्यासाठी स्राव सोडत राहते आणि त्या प्रयत्नात आणखी पाणी गमावते. हा मृत्यू सावकाश आणि यातनांचा दिसतो, आणि तेच मीठ पावसाने मातीत मुरून झाडांची मुळे बिघडवते. बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर आवारात टाकूच नयेत. कुत्र्यांना त्या खाद्य वाटतात आणि थोड्या गोळ्यांनीही कुत्रे दगावू शकते.

आरेकाठ, गोरेगाव पूर्व

तिघांचेही मनापासून आभार. उत्तरे वाचल्यावर सभेत काय मांडायचे ते बदलणे भाग आहे, पण त्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. काही रहिवासी म्हणतात की मीठ टाकायचे नसेल तर या शेंब्या बादलीत गोळा करून भिंतीपलीकडे आरेत सोडून द्याव्यात. दयेच्या दृष्टीने मलाही ते बरे वाटले होते. ते योग्य ठरेल का?

उत्तर: कान्हेरीवाट, बोरिवली

कृपया तसे करू नका. परक्या जातीला जंगलाच्या कडेने आत ढकलण्याची परिणती आपण शंखवाल्या आफ्रिकी गोगलगायीच्या बाबतीत पाहतो आहोत. १८४७ साली एका इंग्रज शंखसंग्राहकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडली, आणि आज मराठवाड्यातला सोयाबीन पेरणारा शेतकरी पहिल्या पावसात तिच्याशी झुंजतो आहे. तिला खाणारा भारद्वाज आहे, पण तो पुरा पडत नाही. लेव्हिकॉलिस आरेत कदाचित आधीच पोचली असेल. तरी बादलीने तिची भर घालण्याचे कारण नाही, आणि तिच्याबरोबर घुशींचा तो कृमीही आपण पलीकडे पाठवू.

सभेत असे मांडता येईल, की या शेंब्या जंगलाच्या उपकारकर्त्या आहेत म्हणून नव्हे, तर मीठ क्रूर आणि निरुपयोगी आहे म्हणून ते थांबवावे. त्यांची संख्या वाढते ती आवारात दिवसा लपायला ओल्या जागा मिळतात म्हणून. कुंड्या विटांवर ठेवल्या, भिंतीलगतचा राडारोडा आणि जुन्या फळ्या उचलल्या, झाडांना संध्याकाळऐवजी सकाळी पाणी घातले, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली आणि उघड्या कचऱ्यावरच्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त केला, तर पुढच्या पावसाळ्यात फरक दिसेल. अंड्यांच्या माळा सापडल्या तर त्या उन्हात पसरून सुकवाव्यात. अंड्यांच्या अवस्थेत संख्या रोखणे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी यातनेचे आहे.

एक काळजी मात्र घ्या. आरेला लागून असलेल्या आवारात एखादी स्थानिक जातही येऊ शकते. पाठीवर प्रावरणाचा उंचवटा आणि त्याच्या उजव्या कडेला उघडमीट करणारे छिद्र दिसले, तर ती लेव्हिकॉलिस नव्हे. तिला चिमट्याने किंवा पानावर घेऊन जेथे सापडली तेथेच ठेवावे, आणि पाठीचे, उजव्या बाजूचे व काचेखालून घेतलेले पोटाचे अशी तीन छायाचित्रे तारीख आणि जागेसह येथे द्यावीत. केवळ पाठीच्या छायाचित्रावरून जात ओळखणे बहुतेक वेळा शक्य होत नाही.